आमच्याकडचा आवाज

बेंगळूरात हेब्बाळहून बनशंकरीकडे निघालेली बस रिंगरोडवर अडकून पडली होती. सुचेता खिडकीतून बाहेर बघत बसली होती, तेव्हा शेजारून तिला तिचाच आवाज ऐकू आला. आधी तो आपला आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही. कुणीतरी बाई मराठीत बोलते आहे एवढंच कळलं, आणि या शहरात मराठी कानावर पडलं की होतं तसं तिचं लक्ष आपोआप तिकडे गेलं. बाई सावकाश, जरा हेल काढून सांगत होती की बारावीनंतर शिकायचं तर पुण्या-मुंबईलाच गेलं पाहिजे असं काही नाही. आपल्या तालुक्यात, आपल्या जिल्ह्यात काय आहे ते आधी बघा. दुधाचं आहे, काजूचं आहे, रोपवाटिकेचं आहे, दवाखान्यातलं आहे. घाबरू नका, लाजू नका, विचारा, मी सांगतो. त्या 'सांगतो'पाशी सुचेताने आपला आवाज ओळखला. बाई बोलायची थांबली. शेजारच्या मुलीने अंगठ्याने फोनच्या पडद्यावर काहीतरी मागे सरकवलं आणि बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

आपला आवाज बाहेरून ऐकताना माणसाला तो पातळ वाटतो, परका वाटतो, हे सुचेताला माहीत होतं. पण हा आवाज पातळ नव्हता. तो भरलेला होता, त्यात माया होती, आणि ती माया कुठून आली हे तिला सांगता आलं नसतं. ज्या दिवशी हे बोलणं रेकॉर्ड केलं त्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. ती काम करत होती त्या संस्थेच्या ऑफिसातली रेकॉर्डिंगची खोली चारी बाजूंनी फोम लावून बंद केलेली, पंखा आवाज करतो म्हणून तोही बंद. काचेपलीकडे शाल्मली कानाला हेडफोन लावून हाताने 'चालू दे, चालू दे' अशा खुणा करत होती. शाल्मली पुण्याची, संस्थेत आल्याला फार वर्षं झाली नव्हती, पण सगळं तिच्याच हातात होतं. बोलून झाल्यावर ती आत आली आणि म्हणाली, "सुचेताताई, एकदम वॉर्म झालंय. फक्त शेवटी तुम्ही 'सांगतो' म्हणालात. जेंडर एरर आहे. तेवढं परत घेऊ या?" सुचेता म्हणाली, घेऊ या. मग कुणाचातरी फोन आला, खोली दुसऱ्या कुणालातरी हवी होती, आणि ते तसंच राहिलं. तिच्या माहेरी, चंदगडाकडे, बायका 'मी जातो', 'मी आलो' असंच म्हणतात, यात एरर काही नाही, हे सुचेताने शाल्मलीला सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही. लग्न होऊन ती बनशंकरीच्या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात नवऱ्याच्या, हरीच्या, आत्याने हसून विचारलं होतं, "अगो, 'येतो' काय म्हणतेस, तू काय पुरुष काय?" आत्याच्या मराठीत निम्मं कन्नड होतं, ते कुणाला खटकत नव्हतं. सुचेता तेव्हा सगळ्यांबरोबर हसली होती, आणि मग हळूहळू, शिळा वास कपड्यांतून निघून जावा तसा तो प्रत्यय तिच्या बोलण्यातून निघून गेला. गेला असं तिला वाटत होतं.

कंडक्टर आला. बायकांना तिकीट लागत नाही, पण पत्ता याच राज्यातला असावा लागतो. सुचेताने सवयीने कार्ड दाखवलं. मुलीने पर्समधून तिचं कार्ड काढलं, कंडक्टरने ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "महाराष्ट्रा. टिकेट तगोबेकम्मा." मुलीला ते कळलं, ही तिची पहिली वेळ नसावी. तिने मुकाट्याने तिकीट घेतलं. कार्ड परत पर्समध्ये जाईपर्यंत सुचेताने त्याच्यावर मराठीत छापलेलं चंदगड वाचलं होतं.

"चंदगडची काय तू?"

मुलगी दचकली, मग तिच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. "व्हय. तालुका चंदगड. गाव आत हाय, तिलारीच्या बाजूला. तुम्ही?"

"मी इथलीच," सुचेता म्हणाली. मग स्वतःलाच ते खोटं वाटून म्हणाली, "माहेर तिकडचं." तिची नजर मुलीच्या हातातल्या फोनवर होती. "काय ऐकतेस? कॉलेजचं काही?"

"हे?" मुलीने फोन खाली केला. "हे आमच्या गावच्या ग्रुपवर आलंय. ह्या बाई सांगतात, काय शिकायचं, कुठं जायचं. पर मी ते ऐकत न्हाई, त्या सांगतात ते." ती जरा लाजली. "बोलणं ऐकतो नुसतं. आमच्याकडचं बोलणं हाय त्यांचं. शेवटाला 'सांगतो' म्हणतात बघा. इथं पीजीत सगळ्या हिंदी बोलतात, नाहीतर पुण्याचं मराठी. दिवसभर डोकं दुखतंय. बसमध्ये बसलो की हे लावतो."

ती आपल्याला ओळखेल असं सुचेताला क्षणभर वाटलं. मुलगी शेजारी बसून तिच्याशीच बोलत होती आणि तिने ओळखलं नाही. तिचं नाव प्रतिमा. कोरमंगलाच्या एका पीजीत ती मुलींचं चहा-नाश्त्याचं आणि चादरी-उशांचं बघत होती. मावसबहिणीने आणलं होतं, ती हेब्बाळला राहायची, तिच्याकडेच जाऊन आली होती आता. सिल्क बोर्डाजवळ उतरताना तिने सुचेताचा नंबर घेतला, तोही काही काम होतं म्हणून नव्हे. "आपल्याकडचं कोणतरी असलेलं बरं," ती म्हणाली आणि गर्दीत गेली.

बस पुढे निघाली. सुचेता पुन्हा बाहेर बघू लागली. झाडं मागे जाऊ लागली आणि तिचं मन जुन्या खोडीप्रमाणे त्यांना नावं देऊ लागलं: पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, पिचकारी, पुन्हा सोनमोहर. बेळगावच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला तिने वनस्पतीशास्त्र घेतलं होतं. सुट्टीत ती घरी आली की तिलारीच्या सड्यावर, त्या कातळी पठारावर, जाऊन झाडपाला आणायची, वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबायची आणि वर पाटा ठेवायची. आठवड्याने घडी उघडली की एक वास यायचा, ओला कागद आणि कोरडं पान यांच्यामधला कसलातरी. तो वास आठवताना तिला वाईट वाटत नव्हतं. वाटावं अशी अपेक्षा होती, निदान बसमध्ये शेजारी अशी मुलगी भेटल्यावर तरी. पण ती आत पाहत होती आणि आत सगळं जागच्या जागी होतं, सपाट, घडीत दाबलेलं. त्या वर्षाच्या दिवाळीत बेंगळूरचं स्थळ आलं. मुलगा सरकारी प्रयोगशाळेत, विमानांवर काम करणारा, निर्व्यसनी, घरचं घर. संध्याकाळी वडील बाहेरून आले, चप्पल काढता काढता म्हणाले, "ठरलं." आईने तिच्याकडे बघितलं आणि देवाजवळ साखर ठेवली. एवढंच. रडणं, ओरडणं, दार लावून घेणं यांतलं काहीच झालं नाही. कुणी काही वाईट केलं असं तिला तेव्हा वाटलं नाही आणि नंतरही वाटलं नाही. हरी चांगला निघाला. संसार नीट झाला. मुलगा ध्रुव हैदराबादला शिकत होता. त्याने काय शिकावं याची चर्चा त्या घरात दोन वर्षं चालली होती, जेवताना, गाडीत, पाहुण्यांसमोर, आणि सगळ्यांत जास्त बोलायचा तो हरी.

ध्रुव गेल्यावर घरी बसून काय करायचं म्हणून तिने संस्थेतली ही नोकरी धरली. सीमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या तालुक्यांतल्या मुलामुलींना पुढे काय शिकता येईल, गावाजवळ कोणतं काम मिळेल, हे फोनवर सांगायचं. कन्नडवाल्या दोघी होत्या, मराठीला ती. तिला ते काम चांगलं जमत होतं. समोरच्याचं बोलणं ती मध्ये न तोडता ऐकायची, मग कुठला कोर्स, कुठे, वसतिगृह आहे की नाही, पुढे डिग्रीला जाता येतं की नाही, हे व्यवस्थित सांगायची. त्या मुलांची काळजी करायची मात्र नाही. फोन ठेवला की ती मुलं तिच्या डोक्यातून जायची, आणि हेच बरोबर आहे असं तिला वाटायचं. डॉक्टर कुठे प्रत्येक पेशंट घरी घेऊन जातो? बसमधल्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात शाल्मली खुशीत होती. "ताई, तुमची ती क्लिप आहे ना, ती सगळ्यात जास्त वेळा ऐकली जातेय. रिपीट लिसनिंग भयंकर आहे. म्हणजे मुलं सिरियसली घेतायत. फंडर्सना हे दाखवू या." सुचेता तिच्याकडे बघत राहिली. कुठल्या कुठल्या शहरांत, कुठल्या बसमध्ये, कुठल्या गोदामात दुपारच्या सुट्टीत बसून कोण कोण ते ऐकत असेल, आणि काय ऐकत असेल, हे तिच्या मनात येऊन गेलं. जिथे राहायला ती सांगत होती ती जागा त्यांनी आधीच सोडली होती. "दाखवा," ती म्हणाली.

प्रतिमाचा फोन आला तो कामासाठीच. आवाज दबलेला होता. भेटता येईल का, असं तिने विचारलं. सुचेता दुपारची कोरमंगलाला गेली. पीजीसमोरच्या गल्लीत एका पर्जन्यवृक्षाखाली सिमेंटचा बाक होता, त्याच्यावर वाळलेल्या शेंगा पडल्या होत्या. समोरून गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरंपोरी जात होती, हातात कॉफी, कानात इअरफोनची बोंडं, सगळी प्रतिमाच्याच वयाची किंवा थोडी मोठी. प्रतिमा त्यांच्याकडे बघतही नव्हती. तिने सरळ सांगायला सुरुवात केली. बारावी झाली, कला शाखेत, कारण जवळच्या कॉलेजात तेवढीच शाखा होती. मन लागलं नाही. मन लागायचं ते काजूच्या कलमांत. गावात एकाने रोपवाटिका काढली होती, तिथे ती सुट्टीत जायची. तिने बांधलेली कलमं धरायची. "शंभरातली नव्वद तरी जगत्यात माझी," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच तिची मान ताठ झाली. "मग ते सोडून इथं का आलीस?" सुचेताने विचारलं, आणि विचारताना तिच्या मनात उत्तर तयार होतं: पैसा, नाहीतर शहराची हौस.

"गावात राहिलो असतो तर लग्न लावलं असतं," प्रतिमा म्हणाली. "स्थळ आलंय, पुण्याकडचं. बाबांना पसंत हाय. मावसबहीण म्हणाली, थोडे दिवस चल माझ्याबरोबर, तवर लांबंल. लांबलं. आता परत बोलावायलेत. दिवाळीच्या आत करायचं म्हणतात."

आपल्या गावातच राहा, आपल्या जवळपास शिका. फोमच्या खोलीत बसून हे सांगताना, गावात राहणं म्हणजे कुणाच्या हाताखाली राहणं याचा विचार सुचेताने केला नव्हता. म्हणजे केला असता तर सुचला असता; तिच्याइतकं ते कुणाला सुचायला हवं होतं? पण ती बेंगळूरला आली ती लग्नाने, आणि ही पोरगी बेंगळूरला आली ती लग्न चुकवायला. एकाच रस्त्याने दोघी आल्या होत्या, आणि बेंगळूर दोघींनीही मागितलेलं नव्हतं. हे तिच्या डोक्यात एखाद्या गणितासारखं मांडलं गेलं, कोरडं, स्पष्ट. त्याच्यामागून काही भावना येईल म्हणून तिने वाट पाहिली.

"तुला परत जायचंय का?" तिने विचारलं.

"गावाला जायचंय. घरात न्हाई."

"गडहिंग्लजच्या बाजूला शेतकीचं तंत्रनिकेतन आहे. दहावीवर घेतात, बारावीची शाखा बघत नाहीत. मुलींचं वसतिगृह आहे. पदविका झाली, गुण चांगले पडले, तर पुढे डिग्रीला जायची वाट आहे. नाही गेलीस तरी स्वतःची रोपवाटिका काढता येते. प्रवेश अजून चालू असतील. थांब, चौकशी करून मी सांगतो."

ते तोंडातून गेलं तेव्हा सुचेताला कळलंही नाही. तिला कळलं ते प्रतिमाच्या चेहऱ्यावरून. मुलगी तिच्याकडे वळली होती आणि तिच्या तोंडाकडे बघत होती, जसं एखाद्या यंत्राकडे बघावं, आवाज नेमका कुठून येतोय ते शोधत.

"त्या तुम्हीच काय?"

"हो."

प्रतिमाने बाकावरची एक वाळलेली शेंग उचलून मोडली. एक स्कूटर आली, गेली. "मला वाटलं, गावातली असंल कोणतरी," ती शेवटी म्हणाली. "म्हातारी. दारात बसून बोलत असंल असं वाटायचं." तिने हसायचा प्रयत्न केला. त्या हसण्यात राग नव्हता, फसवलं गेल्याचंही काही नव्हतं. एखादी वस्तू कुठे गेली ते कळलं आणि ती परत मिळणार नाही तेही कळलं, तसं काहीतरी होतं. आता ही बसमध्ये ते लावणार नाही, सुचेताच्या मनात आलं. तिला एकाएकी त्या मुलीला काहीतरी भरून द्यावंसं वाटलं, आणि आपल्याजवळ द्यायला कोर्सच्या माहितीशिवाय काही नाही हेही तिला दिसलं.

माहिती मात्र तिने चोख काढली. तंत्रनिकेतनात जागा होत्या, वसतिगृहातही होती, पण अर्जावर पालकाची सही लागत होती. हे ऐकल्यावर प्रतिमा फोनवर म्हणाली, "तुम्ही बोला बाबांशी. तुम्ही आपल्याकडच्या. तुमचं ऐकतील." संस्थेचा नियम होता की माहिती द्यायची, घरच्यांच्या मध्ये पडायचं नाही. नियम शहाणपणाचा होता आणि सुचेताने तो कधी मोडला नव्हता. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर हरी हॉलमध्ये पेपर घेऊन बसला, तेव्हा ती गॅलरीत गेली, कुंड्यांच्या मधल्या स्टुलावर बसली आणि तिने नंबर लावला.

प्रतिमाचे वडील, नागोजी गावडे, काजूच्या कारखान्यात बॉयलरवर होते. आवाज जाड, पण बोलणं सावकाश आणि अदबीचं. सुचेताने आपण कोण, कुठून बोलतो ते सांगितलं. दोन-चार वाक्यांतच तिचं बोलणं आपोआप तिकडचं झालं, आणि ते थांबवण्याचा तिने प्रयत्न केला नाही. नागोजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, पोरीचं वाईट व्हावं असं मला वाटंल काय? ती तिकडं कुणाच्या चादरी धुती, मला झोप येत न्हाई. शिकू दे म्हणता, शिकू दे. पर शिकून गावात काय ठेवलंय? स्थळ चांगलं हाय. पोरगा कंपनीत हाय. एकदा तिचं झालं की मी मोकळा."

"तिला काय पाहिजे ते विचारलासा काय?"

"ह्या वयात काय कळतंय त्यांना," नागोजी म्हणाले. त्यात तुच्छता नव्हती, काळजीच होती. मग त्यांनी विचारलं, "तुमचं गाव कोणतं म्हणालासा?"

तिने गावाचं नाव सांगितलं.

"आरं! मग आमच्या शेजारच्याच की. मग बेंगळूरला कशा?"

"लग्न होऊन आलो."

"मग बघा," नागोजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला, जसं काही तिने स्वतःच त्यांच्या बाजूने साक्ष दिली होती. "तुमच्या वडलांनी लग्न करून दिलं, तुम्ही मोठ्या शहरात गेलासा, आता आमच्यासारख्यांना चार गोष्टी सांगता. बरंच झालं की तुमचं."

खाली रस्त्यावर कुणीतरी कार धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. तिच्यासमोर कुंडीत एक जास्वंदी होती, तिच्या पानांवर पांढरी कीड पडली होती आणि रोज बघून रोज ती तिला फवारायचं विसरत होती. बरंच झालं होतं, हे खरं होतं. याच्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, आणि कधीच नसणार होतं. म्हणूनच तर ती इतकी वर्षं काही बोलली नव्हती.

"झालं बरं," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःला ओळखीचा वाटला नाही. त्यात माया नव्हती, हेलही नव्हता. "पण मला कुणी विचारलं नव्हतं. बी.एस्सी.चं वर्ष अर्धं होतं. माझी झाडं कागदात घालून ठेवलेली, तशीच राहिली. मी वाईट म्हणत न्हाई कुणाला. वडील चांगले होते माझे, तुमच्यासारखे. फक्त ते चप्पल काढताना म्हणाले, ठरलं. खाली बसून म्हणाले असते तरी चाललं असतं."

मग नागोजी म्हणाले, "आता कामावर जायचं हाय मला," आणि फोन ठेवला.

ती उठली तेव्हा हरी गॅलरीच्या दारात उभा होता. हातात पेपर होता, चष्मा कपाळावर. पाणी प्यायला उठला असेल, नाहीतर तिचं ते अनोळखी बोलणं ऐकून आला असेल. त्याने किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती. "स्वल्प चहा टाकशील?" तो म्हणाला. तिने टाकला.

नागोजींचा फोन आला नाही. प्रतिमाचा आला, बऱ्याच दिवसांनी, आणि ती धावत बोलत होती. बाबा म्हणतात ये. कुठं ये ते सांगत न्हाईत, ये म्हणतात. पुण्याच्या लोकांना काय सांगितलं ते ठाऊक न्हाई. जाऊ काय? सुचेताला 'जा' असं म्हणता आलं नाही. "तुझे कागद सगळे बरोबर घे," एवढंच ती म्हणाली, "आणि बेळगावला उतरलीस की मला फोन कर. नाही जमलं तर तिथून परत ये, मी भाडं पाठवते." रात्रीच्या गाडीला ती पोचवायला गेली. प्रतिमाजवळ एक बॅग आणि एक पिशवी होती. पिशवीत लालबागेतून आणलेलं कसलंसं रोप होतं, ओल्या फडक्यात बांधलेलं. "बघतो लागतंय काय आमच्याकडं," ती म्हणाली. बसमध्ये चढून ती पलीकडच्या बाजूच्या खिडकीपाशी बसली, त्यामुळे निघताना दिसली नाही. सुचेता थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग घरी आली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने बरेच फोन घेतले. एकही मूल फोन ठेवल्यावर डोक्यातून गेलं नाही. सगळ्यांचे आवाज एकात एक मिसळून दिवसभर तिच्या कानात राहिले, आणि हा काही चांगला बदल आहे असं तिला वाटलं नाही. फक्त थकवा आला.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा प्रतिमाचा निरोप आला होता. बाबा बेळगावला स्टँडवर आले होते. घरी नेलंच नाही, तिथून सरळ गडहिंग्लजला. सही केली. वसतिगृहाची खोली बघितली, खिडकीला जाळी आहे का ते बघितलं, आणि 'लग्नाचं नंतर बघू' म्हणून बॉयलरच्या पाळीला परत गेले. नंतर म्हणजे कधी ते बोलले नाहीत. खोलीत तिघी जणी आहेत.

तिने तो निरोप हरीला वाचून दाखवला. हरीने "सरी, छान झालं," म्हटलं. दोघं जेवायला बसली. भात वाढून झाला, त्याच्यावर सार घातलं. हरीने घास कालवला आणि हात ताटातच ठेवून थांबला. तो फार बोलणारा माणूस नव्हता; प्रयोगशाळेत विमानाच्या पंखाखालून वारा कसा जातो हे मोजण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि घरातल्या गोष्टींना हात लावायचा तो जरा जपून.

"त्या वेळी," तो म्हणाला, "समजा तुला विचारलं असतं. आमच्याकडे यायचं का म्हणून. तर काय म्हणाली असतीस?"

इतक्या वर्षांत त्याने हे विचारलं नव्हतं. तो उत्तराला भीत होता हे तिला दिसलं, आणि या वयात, पांढऱ्या केसांचा, सार ओघळणारा हात धरून बसलेला हा माणूस तिला त्या दिवाळीत बघायला आलेल्या मुलापेक्षा लहान वाटला. तिने घाईने उत्तर दिलं नाही. तिने खरोखर विचार केला. बेळगावची प्रयोगशाळा, सड्यावरचा वारा, वडिलांच्या चपला, आणि कोपऱ्यात खाली मान घालून बशीतल्या पोह्यांतला शेंगदाणा उगाच इकडेतिकडे सारणारा हरी, हे सगळं तिने समोर ठेवलं आणि एकेकाकडे बघितलं. त्यांतल्या कशालाही तिला नाही म्हणावंसं वाटलं नाही.

"हो म्हटलं असतं," ती म्हणाली.

हरीने श्वास सोडला. घास तोंडात घातला.

"पण दोन दिवस लावले असते सांगायला."

"दोन दिवस?" तो जेवता जेवता हसला, आता त्याला हसता येत होतं. "कशाला गं? हो तर म्हणायचं होतं."

सुचेताने त्याच्या ताटात आणखी भात वाढला, मग आपल्या ताटात वाढून घेतला. त्या दोन दिवसांत तिने काय केलं असतं हे तिलाही नीट माहीत नव्हतं. कॉलेजला गेली असती कदाचित. कदाचित नुसती सड्यावर जाऊन बसली असती, आणि खाली घरात सगळे जण, आई, वडील, बेंगळूरचे लोक, ती काय म्हणते याची वाट बघत बसले असते.